काळी चारमध्ये गिटार



मागच्या जयंतीला मुरुडकडच्या एका वाडीत गाण्याचा कार्यक्रम होता. पेटी, ढोलकी आणि यंदा नवीन म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाची गिटार. सुट्टीत मजुरी करून घेतलेली. पहिल्या दोन गाण्यांना त्याने छान साथ दिली. मग त्याची आत्याच गायला बसली. पेटीवाल्याने विचारले, "ताई, पट्टी कोणती?" त्या म्हणाल्या, "काळी चार." मुलाने गिटार मांडीवर आडवी ठेवली, ती शेवटपर्यंत. त्याला सी, जी, डी अशा मोकळ्या तारांच्याच कॉर्ड येत होत्या. आता आत्याने आपला गळा सोडून भाच्याच्या सोयीने गायचे काय?

स्केल चेंजर पेटी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात पट्ट्यांची चौकट सरकवतात. बोटे नेहमीसारखीच फिरतात आणि सूर मात्र बदलतो. गिटारीत चौकट हलत नाही, हात हलवायचा.

ई मेजर कॉर्ड धरा, पण तर्जनी रिकामी ठेवून. मधले बोट तिसऱ्या तारेवर पहिल्या घरात. अनामिका पाचव्या आणि करंगळी चौथ्या तारेवर, दोन्ही दुसऱ्या घरात. आता सगळा हात एक घर पुढे न्या आणि पहिल्या घरात तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबा. झाली पांढरी चार. दुसऱ्या घरात काळी तीन, तिसऱ्यात पांढरी पाच आणि चौथ्यात आत्याबाईंची काळी चार! सर्वांत जाड तारेवर तर्जनी जिथे, तिथे सा. मधले बोट उचलले की हीच कॉर्ड मायनर होते.

दुसरा आकार ए मेजरचा. तर्जनी पाच तारांवर आडवी, आणि दोन घरे पुढे अनामिकेने दुसरी, तिसरी, चौथी तार एकत्र दाबायची. यात सा पाचव्या तारेवर. गंमत पुढे आहे. पहिला आकार चौथ्या घरात धरला की काळी चारचा षड्ज. तिथेच दुसरा आकार धरला की मध्यम. तो दोन घरे पुढे नेला की पंचम. साध्या चालीची कितीतरी गाणी या तीन कॉर्डवर निभतात. पट्टी बदलली तर तिन्ही तशीच सरकवायची.

सुरुवात पहिल्या घरात करू नका, तिथे तारा फार ताठ लागतात. पाचव्या घरात करा. तर्जनी किंचित कडेवर वळवा, एकेक तार छेडून मुकी कोणती ते शोधा. दहा मिनिटे पुरे, बोटे दुखतात. केपो नावाचा चाप मिळतो, तो लावण्यात कमीपणा नाही, पण गाता गाता पट्टी चढवली की तो काढून लावायला वेळ कुठे? आणि आपल्या खाऱ्या वाऱ्यात तारा लवकर गंजतात, वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसत जा.

त्या मुलाला हे सारे दाखवून आलो आहे. करंगळी अजून घसरते म्हणतो.