सांगतो तिथे दाब!

रविवारी सकाळी अर्धं नाशिक मिसळ खायला बाहेर पडतं, तेव्हा आमच्या गंगापूर रोडवरच्या काही घरांत वेगळीच धांदल चालू असते. इकडे सकाळचे साडेसात म्हणजे तिकडे न्यू जर्सीत शनिवारची रात्र. हिवाळ्यात नऊ वाजलेले, उन्हाळ्यात दहा. नातवंडं झोपायच्या आत कॉल लागला पाहिजे, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी रुसतं. चित्र दिसतं तर आवाज नाही, आवाज येतो तर चित्र नाही. मग मला हाक येते, "अरे, जरा येऊन जातोस का?"

गेली पंधरा-वीस वर्षं मी असा जाऊन येतोय. एवढ्या फेऱ्यांनंतर माझं एक मत पक्कं झालंय. आईवडिलांचा कॉम्प्युटर नुसता दुरुस्त करून देणं पुरेसं नाही. काय बिघडलं होतं हे त्यांना कळलं नाही, तर ती दुरुस्ती त्यांच्या अंगाशी येऊ शकते.

दुरुस्तीची आपली नेहमीची पद्धत आठवून बघा. मुलगा तिकडून फोनवर सांगतो, "आई, वर उजवीकडे बघ. दिसलं? दाब. आता यस दाब. अगं, काय लिहिलंय ते वाचत बसू नकोस, यस दाब!" त्यानंही जमलं नाही की तो तिकडूनच स्क्रीनचा ताबा घेतो. बाण आपोआप फिरायला लागतो आणि आई हात मांडीवर ठेवून बघत बसते. पाच मिनिटांत नातू दिसतो, सगळे खूश. मुलाला दोष देता येत नाही, तोही आठवडाभर दमलेला असतो.

पण या पाच मिनिटांत आई काय शिकली? कॉम्प्युटर काहीही विचारो, हो म्हणायचं. आणि जाणकार माणसानं ताबा मागितला की देऊन टाकायचा.

आता हेच दोन धडे गिरवलेल्या आईला उद्या अनोळखी माणसाचा फोन आला तर? फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सावध केलं होतं, की लोकांना 'एनीडेस्क' हे ताबा देणारं ॲप घ्यायला लावून खात्यातले पैसे काढले जात आहेत. पुढे 'डिजिटल अरेस्ट'चं पेव फुटलं. पोलीस किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याचं सोंग घेऊन, व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन् तास बसवून ठेवायचं आणि घाबरवून पैसे काढायचे. मे २०२४ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं सांगितलं, की अशा प्रकारांतले हजाराहून जास्त स्काइप आयडी बंद केले आहेत. म्हणजे ज्या खिडकीतून नातू दिसतो, त्याच खिडकीतून चोरही बोलतो. आणि दोघंही सांगतात तेच... "सांगतो तिथे दाब!"

मग शिकवायचं काय? फार काही नाही हो. व्हिडिओ कॉल म्हणजे एक साखळी आहे. कॅमेरा आणि माइक, त्यांना वापरायची परवानगी, मग नेट, मग पलीकडच्याचा स्पीकर आणि पडदा. कडी कुठे तुटली ते हुडकायचं, बस्स. आपला आवाज तिकडे जात नाही पण त्यांचा आपल्याला येतो? मग आधी आपला माइक तपासा, तो चुकून बंद केलेला असतो. आपलाच आवाज घुमून आपल्याला ऐकू येतोय? मग दोष बहुतेक पलीकडचा, त्यांच्या स्पीकरचा आवाज त्यांच्याच माइकमध्ये शिरतोय. त्यांना हेडफोन लावायला सांगा. चेहरा काळा दिसतोय? कॅमेऱ्यावरची बारीक पट्टी सरकवलेली असेल, किंवा दुसरा एखादा प्रोग्राम कॅमेरा धरून बसला असेल. चित्र अडखळतंय? चित्र बंद करून नुसतं बोला, आवाजाला त्या मानानं फारच थोडं नेट लागतं.

"या वयात त्यांना हे कसं जमणार?" असं मुलं विचारतात. कमाल आहे! कुकरची शिट्टी होईना तर आई काय करते? झाकण नीट बसलंय का, रिंग सैल झालीय का, शिट्टीत काही अडकलंय का, हे ओळीनं बघते. मुलाला अमेरिकेत फोन लावत नाही. बिघाड हुडकण्याची ही रीत तिला चाळीस वर्षांपासून येते. ती कॉम्प्युटरलाही चालते, एवढंच तिला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि नुसती बटणं पाठ करण्यात अर्थ नाही, याचा दाखला ताजाच आहे. २००३ साली सुरू झालेलं स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं. कितीतरी घरांत 'स्काइप करणं' म्हणजेच मुलांशी बोलणं होतं. ज्यांना फक्त निळं चिन्ह आणि हिरवं बटण ठाऊक होतं, त्यांची पाटी एका दिवसात कोरी झाली. आमच्या शेजारच्या काकूंनी मात्र नवीन प्रोग्राम उघडल्यावर पहिला प्रश्न विचारला, "यात माइक कुठून बंद-चालू होतो रे?" त्यांचं पुढे काही अडलं नाही.

म्हणून परदेशातल्या मुलामुलींना माझी एक विनंती. पुढचा कॉल अडला की ताबा घेऊ नका. दहा मिनिटं जातील, जाऊ द्या. स्क्रीनवर काय विचारलंय ते आईला मोठ्यानं वाचायला सांगा. "तुला काय वाटतं, हो म्हणू की नाही?" असं विचारा. माउस तिच्याच हातात राहू द्या. आणि एक नियम घालून द्या, की फोनवरून कुणीही ताबा मागितला, अगदी तुमचं नाव सांगून मागितला, तरी आधी फोन ठेवायचा आणि आपणहून तुमच्या नेहमीच्या नंबरवर लावायचा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवायचं, हा आकडा कॉम्प्युटरशेजारी चिकटवून ठेवा.

त्या दहा मिनिटांत नातवाशी बोलणं थोडं कमी होईल, हे खरं. पण आईला "नाही" म्हणता येणं जास्त गरजेचं आहे, असं मला वाटतं. पटतंय का बघा.