जुन्या गाडीला जाड ऑईल कशासाठी?

गाडी जुनी झाली की जाड ऑईल टाका, हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले, तरी त्या गाड्या आजही एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात आहेत. त्यांच्या मालकांनी हा सल्ला डोळे मिटून मानू नये, असे आमचे मत आहे.

डब्यावर २०डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहते ते सांगतो. आपल्या हवेत २०डब्ल्यू चालून जाते. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा जाडपणा दाखवतो. पुस्तिकेत ४० लिहिले असेल तर केवळ वय झाले म्हणून ५० कशाला? जाड ऑईल सकाळी इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत उशिरा पोहोचते आणि झीज नेमकी त्याच वेळी जास्त होते. पेट्रोलही थोडे जास्त जाते. गरम इंजिनात ऑईलचे प्रेशर कमी पडत असेल तर एक पायरी वर जाणे ठीक, पण आधी ते मोजून घ्या.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल खात आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले असतील तर जाड ऑईलने धूर काही दिवस दबतो, दुरुस्ती होत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात काही विक्रेते मुद्दाम हेच करतात. ही सरळ फसवणूक आहे. गाडी घेताना थंड इंजिन स्वतः सुरू करून पाहा आणि कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका.