विश्लेषण : ॲप म्हणते ‘नोंद आढळली नाही’, पण नोंद जळाली, की कधी झालीच नव्हती?

अमेरिकेत ॲपवर आडनाव टाकून पणजोबांपर्यंत पोहोचणे आता सोपे झाले आहे. १९व्या शतकात शिरले, की मात्र एकच ओळ वारंवार दिसते : ‘नोंद आढळली नाही.’ ही ओळ दिशाभूल करते. ओहायो राज्यातील हॅमिल्टन कौंटीत ते स्पष्ट दिसते.

दप्तर कुठे गेले?

कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. विवाह, मृत्युपत्र, जमिनीचे व्यवहार यांचे दप्तर तिथेच असते. मार्च १८८४ मध्ये सिनसिनाटी शहरात एका खून खटल्यात ज्युरीने आरोपीला केवळ सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरले आणि संतप्त जमावाने कौंटीचे न्यायालयच पेटवले. दंगलीत ५०हून अधिक जण मरण पावले, अनेक दशकांची कागदपत्रे जळाली. त्यामुळे आज त्याआधीचे लग्न शोधायचे, तर चर्चच्या वह्या आणि जुनी वृत्तपत्रे चाळावी लागतात. त्या वह्याही बऱ्याचदा जर्मनमध्ये!

नावच लिहिले नसेल तर?

खरी अडचण ओहायो नदीपलीकडे आहे. पलीकडचे केंटकी हे गुलामगिरीचे राज्य. तिथून निसटलेले अनेक कृष्णवर्णीय सिनसिनाटीत आले. १८५०च्या जनगणनेपासून प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव लिहिले जाऊ लागले. गुलामांची यादी मात्र १८५० आणि १८६०मध्ये वेगळी होती : मालकाचे नाव, त्याखाली वय, लिंग, वर्ण. बहुतेक ठिकाणी नाव नाहीच. ते आले १८७०मध्ये. त्याआधीचे नाव सापडलेच, तर अनेकदा मालकाच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या यादीत. घोडे, गाई, खुर्च्या, त्याच रांगेत एखादी मुलगी आणि पुढे डॉलरमध्ये किंमत. वंशजांना आजीच्या आजीचे नाव पहिल्यांदा भेटते ते असे. तेही मालक कोण, हे आधी शोधून काढले तर. कारण सूचीत अनेकदा फक्त त्याचेच नाव असते.

ॲपने काय करावे?

‘जळाली’, ‘लिहिलीच नाही’ आणि ‘स्कॅन बाकी’ हे तीन वेगळे संदेश दाखवावेत. ते अवघड नाही. कोणत्या कौंटीचे दप्तर कधी जळाले, याची माहिती उपलब्ध आहे. सध्या उलटेच होते. रिकाम्या जागी त्याच नावाचा भलताच माणूस सुचवला जातो, वापरकर्ता ‘होय’ दाबतो आणि ती चूक इतरांच्या वंशवृक्षांत कॉपी होत राहते. मालमत्तेच्या यादीतील गुलामांची नावेही थेट शोधता यायला हवीत. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठी १८६५मध्ये स्थापन झालेल्या फ्रीडमेन्स ब्युरोच्या कागदांतील सुमारे १८ लाख नावे स्वयंसेवकांनी २०१६पर्यंत अशीच एकेक करून टिपली.