गळा देवाचा, पण गाणे?

‘गाणे रक्तातच असावे लागते, ते शिकवून येत नाही,’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मला हे मत मान्य नाही.

माझे वडील गावच्या भजनी मंडळात गातात. स्वरांची नावे त्यांना ठाऊक नाहीत; पण पखवाजावरची सम त्यांची कधी चुकत नाही. लोक म्हणतात, ‘देवाची देणगी!’ लहानपणी मी गाण्याच्या शिकवणीचा हट्ट धरला, तेव्हाही ‘गळ्यात असेल तर आपोआप येईल’ असेच उत्तर मिळाले. खरी अडचण फीची होती, हे पुढे कळले.

उपजत प्रतिभेचा दाखला म्हणून कुमार गंधर्वांचे नाव नेहमी घेतले जाते. १९२४ साली जन्मलेला हा मुलगा नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका न शिकता हुबेहूब गाऊन दाखवी. पण एवढ्यावर न थांबता तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला राहिला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. पुढे क्षयाच्या आजारात ते देवासला राहिले. तेथे माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांच्या कानांवर पडली आणि त्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग बांधले. गाणी तर तेथे पूर्वीपासूनच होती. त्यांतला राग ओळखायला तयार झालेला कान लागला.

मग त्या बायका काय न शिकता गात होत्या? मुळीच नाही. आई गाते, लेक मागून म्हणते, हेही शिक्षणच. माझे वडीलही आजोबांच्या मागे उभे राहून वर्षानुवर्षे टाळ वाजवत होते. म्हणजे शिकल्यावाचून कोणीच गात नाही. भेद आहे तो शिकण्याची दारे कोणाला उघडी आणि कोणाला बंद, एवढाच. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते संगीताचे दार सामान्यांना खुले व्हावे म्हणूनच.

शिकवणीने प्रत्येक जण भीमसेन होणार नाही, हे मलाही कळते. पण म्हणून शिकवूच नये काय? आपण गणित शिकवताना ‘रक्तात आहे का’ असे विचारत नाही.

आपल्या महाविद्यालयातील पेटी-तबला वर्षभर कपाटात असतो. स्नेहसंमेलनाच्या आठ दिवस आधी बाहेर निघतो. आठवड्यातून एक तास जरी ते कपाट उघडले आणि शिकवणारे कोणी लाभले, तरी पुष्कळ होईल. गळा देव देत असेल. पण कपाटाची किल्ली माणसांच्याच हातात आहे.