भूकंपाचा सल्ला आणि घराची भिंत

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी पहाटे चारच्या सुमारास नाशिकच्या पश्चिमेस ८९ किलोमीटर अंतरावर ३.६ तीव्रतेच्या भूकंपाची नोंद झाली. नाशिक शहर तेव्हा झोपेत होते आणि बहुतेकांना ही गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून अथवा बातम्यांतूनच कळली. कळवण तालुक्यातील दळवट परिसराची स्थिती निराळी आहे. तेथील आदिवासी गावांना सौम्य धक्के अधूनमधून जाणवत आले आहेत. धक्का बसला की माणसे अंगणात धावतात. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील, म्हणजे सर्वतोमुखी असलेल्या 'मेरी'तील, भूकंपमापन यंत्रावर त्याची नोंद होते. महसूल खात्याची माणसे गावाला भेट देतात आणि नागरिकांनी घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये, असे आवाहन केले जाते. त्यानंतर पुढील धक्का बसेपर्यंत विषय मिटतो.

या आवाहनात चूक काही नाही. सौम्य धक्क्यांच्या मालिका पुष्कळदा आपोआप शमतात आणि मोठा भूकंप कोणत्या दिवशी होईल हे सांगण्याचे शास्त्र जगात कोणापाशीही नाही. प्रश्न एवढाच आहे की, सल्ला दिल्यानंतर त्या गावातील एकातरी घराची भिंत पूर्वीपेक्षा बळकट होते काय? शासनाच्या भूकंपविषयक प्रयत्नांचे मूल्यमापन करावयाचे तर ते निघालेल्या परिपत्रकांच्या संख्येवरून न करता या एका कसोटीवर करावे लागेल.

नकाशा मागून येतो

दख्खनचे पठार म्हणजे अभेद्य काळा कातळ, त्याला भूकंपाचे भय नाही, ही समजूत केवळ सामान्य माणसाची नव्हती. भारतीय मानक संस्थेने १९६२ साली भूकंपरोधक संकल्पनाची जी पहिली संहिता काढली, तिच्या नकाशात या पठाराचा मोठा भाग 'शून्य' विभागात टाकलेला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर कोसळले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला तडे गेले. तेव्हा कोठे १९७० च्या नकाशातून शून्य विभाग रद्द झाला. तरीही मराठवाड्याचा किल्लारी परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच राहिला. १९९३ साली तेथे सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडल्यावर, २००२ च्या सुधारणेत पहिला विभागही नकाशातून नाहीसा झाला. थोडक्यात, नकाशा प्रत्येक वेळी प्रेतांच्या मागून चालत आला आहे.

नाशिकला मात्र असे अज्ञानाचे निमित्त पुढे करता येणार नाही. संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिकचे नाव तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात स्पष्ट छापलेले आहे. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात भातसा धरणाच्या परिसराने १९८३ साली धक्के अनुभवले. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची दीर्घ मालिका सुरू झाली, फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथे ४.१ तीव्रतेची नोंद झाली आणि कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. तेव्हा नाशिकने घबराट बाळगावी असे नव्हे; परंतु निश्चिंत राहण्याजोगी परिस्थितीही नाही.

किल्लारीचे दोन धडे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली असताना, लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत जो भूकंप झाला त्याची तीव्रता ६.२ होती. जगाच्या मानाने हा मध्यम आकाराचा भूकंप. त्याने एवढा संहार केला तो घरांच्या बांधणीमुळे. मातीत रचलेल्या दोनअडीच फुटी दगडी भिंती, दोन्ही बाजूंना दर्शनी दगड व मध्ये खडीमातीची भर, दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि वर ऊन-पाऊस अडविण्यासाठी वर्षानुवर्षे चढत गेलेला माळवदाचा मातीचा थर. जमीन हलताच भिंतीची दोन अंगे एकमेकांपासून सुटली आणि माळवद खाली आले. विशेष म्हणजे १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत याच परिसराला सौम्य धक्के बसले होते. ते धक्के म्हणजे भाकीत नव्हते. पण घरे बळकट करण्यास मिळालेली जवळजवळ एका वर्षाची मुदत मात्र होती. ती वाया गेली. हा पहिला धडा.

दुसरा धडा आशादायक आहे आणि तो फारसा आठवला जात नाही. १९९४ पासून जागतिक बँकेच्या साह्याने जो पुनर्वसन कार्यक्रम राबविला गेला, त्यात बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच कार्यक्रमात, कमी नुकसान झालेल्या गावांतील दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व बळकटीकरण झाले. तेथे सल्ला कागदावर राहिला नाही, कारण त्याच्याबरोबर तीन गोष्टी गेल्या. अनुदान हप्त्याहप्त्याने व झालेले काम पाहून मिळत होते. काम पाहण्यास अभियंता गावात येत होता. आणि आरपार दगड कशासाठी, दरवाजा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना गुंफणारा काँक्रीटचा पट्टा कशासाठी, हे घराघरांत समजावून सांगण्यासाठी गावातल्याच स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून नेमलेल्या होत्या. पैसा, तपासणी आणि विश्वासाचे माणूस या तिन्हींच्या आधारानेच तेथे सल्ल्याचे रूपांतर भिंतीत झाले.

सल्ल्याचा खर्च कोणाचा?

या कसोटीवर पुढील तीस वर्षांचा हिशेब मांडला तर काय दिसते? सल्ल्याच्या बाबतीत देश गरीब राहिलेला नाही. मातीच्या, दगडविटांच्या आणि सलोह काँक्रीटच्या बांधकामांसाठी भारतीय मानक ब्युरोच्या स्वतंत्र संहिता १९९३ सालीच निघाल्या. कोणत्या जिल्ह्यात कशा भिंतींची व कशा छपरांची घरे आहेत आणि त्यांना कोणता धोका आहे, हे सांगणारा 'भेद्यता नकाशासंग्रह' केंद्र शासनाने १९९७ साली काढला व नंतर दोनदा सुधारला. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे आली आणि राष्ट्रीय प्राधिकरणाने २००७ साली भूकंपविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नवे बांधकाम भूकंपरोधक असावे, महत्त्वाच्या जुन्या इमारती निवडून बळकट कराव्यात, नियमांची अंमलबजावणी व्हावी, लोकजागृती व प्रशिक्षण व्हावे, आणीबाणीत मदत तत्पर असावी, असा त्यांचा सारांश आहे. त्यात उणे काढण्यासारखे फारसे काही नाही.

उणीव आहे ती अर्थशास्त्राच्या साध्या नियमाकडे केलेल्या दुर्लक्षाची. सल्ला देणाऱ्यास सल्ला फुकट पडतो. तो पाळणाऱ्यास मात्र त्याची किंमत मोजावी लागते. मानक ब्युरोची संहिता मुळात शिफारसच असते. स्थानिक बांधकाम नियमावलीने तिला अंगीकारले आणि कोणी ती जागेवर तपासली, तरच तिला कायद्याचे बळ येते. तपासणी नसेल तर बाजार तिला पोसत नाही. सदनिका घेणाऱ्या गृहस्थास फरशी दिसते, रंग दिसतो, स्वयंपाकघरातील ओटा दिसतो. काँक्रीटच्या खांबात सळयांभोवती रिंगा किती अंतरावर बांधल्या आहेत आणि त्यांची टोके आत वळविली आहेत की नाही, हे त्याला कधीच दिसत नाही. जे दिसत नाही त्याचा दर येत नाही, आणि ज्याचा दर येत नाही त्यावर काटकसर करण्याचा मोह ठेकेदारास होतो. वस्तुतः नव्या इमारतीत ही दक्षता घेण्याचा खर्च एकूण बांधकामखर्चाच्या काही टक्क्यांपलीकडे जात नाही. पण तो आज करावा लागतो आणि त्याचा लाभ मिळालाच तर अनेक वर्षांनी, बहुधा दुसऱ्याच कोणाला तरी मिळतो.

या मोहाचा परिणाम अहमदाबादने पाहिला. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप त्या शहरापासून दोनशे किलोमीटरहून दूर झाला, तरी तेथील शंभराहून अधिक बहुमजली इमारती कोसळल्या व शेकडो माणसे गाडली गेली. त्यांतील पुष्कळ इमारतींचा तळमजला वाहने लावण्यासाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा होता. अहमदाबादही नाशिकप्रमाणेच तिसऱ्या विभागात मोडत होते. साबरमतीकाठचा गाळ आणि नाशिकचा कातळ यांत फरक आहे हे खरे. परंतु खांबांवर उभा असलेला मोकळा तळमजला गंगापूर रस्त्यावर, इंदिरानगरात आणि सिडकोतही आहे.

नाशिकची तीन घरे

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाचे रूप तीन प्रकारच्या घरांत पाहता येते आणि तिन्हींचे औषध वेगळे आहे.

पहिले घर नव्या सदनिकेचे. काही वर्षांपूर्वी या शहरात 'कपाटांचा प्रश्न' गाजला. सदनिकांतील कपाटांची जागा चटईक्षेत्रात धरावयाची की नाही, यावरून असंख्य इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. आंदोलने झाली, शुल्क भरून नियमित करण्याचे मार्ग शोधले गेले. या सर्व चर्चेत कपाटाची रुंदी इंचाइंचाने मोजली गेली. ते कपाट ज्या खांबांच्या आधारे उभे आहे त्या खांबांविषयी मात्र क्वचितच कोणी बोलले. तुर्कस्तानात २०१८ साली अशाच तऱ्हेने शुल्क घेऊन नियमबाह्य बांधकामांना अभय देण्यात आले होते. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात त्या देशात पन्नास हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली, तेव्हा या धोरणाची आठवण सर्वांस झाली. दोन देशांच्या भूकंपाच्या धोक्यात मोठे अंतर आहे. पण दंड भरल्याने कागद नियमित होतो, खांब नियमित होत नाही, हे सत्य दोहोंकडे सारखेच आहे. २००५ च्या कायद्याच्या ४१ व्या कलमाने आपल्या हद्दीतील बांधकामे आपत्तीप्रतिबंधक मानकांनुसार होतात हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवरच टाकली आहे. तेव्हा स्लॅब ओतण्यापूर्वी लोखंडाची त्रयस्थ अभियंत्याकडून तपासणी, आणि तिच्या अहवालाशिवाय पूर्णत्वाचा दाखला नाही, एवढा एक नियम महापालिकेने कसोशीने पाळला तरी दहा पुस्तिकांचे काम होईल.

दुसरे घर जुन्या नाशकातील व पंचवटीतील वाड्याचे. त्याला पाडण्यास भूकंपच हवा असे नाही, पावसाळाही पुरतो. तीस वर्षांवरील इमारतींचे संरचनात्मक परीक्षण करून घेण्याची तरतूद महानगरपालिका अधिनियमात आहे, आणि दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा जातात. तरी माणसे तेथेच राहतात, कारण हा प्रश्न अज्ञानाचा नसून भाड्याचा आहे. नाममात्र भाड्यात मालक दुरुस्ती करीत नाही. घर सोडले तर हक्क जाईल या भीतीने भाडेकरू हलत नाही. आणि नोटीस दिल्यावर महापालिका आपले कर्तव्य पार पडले असे मानते. भाडेकरूचा हक्क लेखी सुरक्षित ठेवून त्याची तात्पुरती सोय करणे आणि दुरुस्तीचा खर्च मालक, भाडेकरू व महापालिका यांत वाटून घेणे, याशिवाय येथे सल्ल्याला अर्थ येणार नाही. २०२७ च्या सिंहस्थात याच अरुंद गल्ल्यांतून लाखो यात्रेकरू जाणार आहेत. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकातील चेंगराचेंगरीने भाविकांचे बळी घेतले होते. एरवी कपबशी हलविण्यापलीकडे काही न करणारा धक्काही अशा गर्दीत केवढा अनर्थ करू शकेल, याचा विचार पर्वणीच्या नियोजनात झालाच पाहिजे.

तिसरे घर दळवटचे. कुडाचे, हलक्या छपराचे जुने घर धक्क्यात फारसे घातक नसते. पण गाव आता विटांच्या घरकुलाकडे चालले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र चार भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा नसेल तर हे 'पक्के' घर कुडाच्या घरापेक्षा अधिक धोकादायक ठरू शकते. येथे तर शासनाच्या हाती किल्लारीचीच किल्ली आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरकुलास १ लाख २० हजार रुपये हप्त्यांनी मिळतात आणि कामाच्या टप्प्यांची छायाचित्रे घेतली जातात. ज्या छायाचित्रात आज भिंतीची उंची पाहिली जाते, त्याच छायाचित्रात उद्या पट्ट्याच्या सळया दिसाव्यात, त्याशिवाय पुढचा हप्ता सुटू नये, आणि या पट्ट्याच्या सिमेंट-लोखंडाचा वाढीव खर्च जिल्हा नियोजनातून वेगळा द्यावा. मूळ रकमेतच तो बसवा असे गरिबाला सांगणे म्हणजे पुन्हा फुकटचा सल्लाच. त्याच्या जोडीला तालुक्यातील गवंड्यांना 'मेरी'तील व शासकीय तंत्रनिकेतनातील जाणकारांनी चार दिवसांचे प्रत्यक्ष शिक्षण द्यावे. गावात घर कसे बांधावयाचे हे अखेर गवंडीच ठरवितो.

पुढचा धक्का बसण्यापूर्वी

जिल्ह्यापाशी धक्का मोजणारी यंत्रे आहेत, धरणांच्या सुरक्षिततेची काळजी वाहणारी संघटना नाशिकातच आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, कायदा आहे आणि घरकुलांना लागणारा पैसाही ओघाने येत आहे. या साऱ्यांना एका सूत्रात ओवण्याचे काम जिल्हा प्राधिकरणाचे आहे. त्याने दरवर्षी तीनच आकडे जाहीर करावेत: किती नव्या इमारतींचे लोखंड तपासले, किती वाडे बळकट अथवा रिकामे झाले आणि किती घरकुलांना पट्टा बसला. शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि कार्यालयांत काम करणाऱ्या नोकरवर्गाने हे आकडे मागावेत. शाळेत बाकाखाली बसण्याचा सराव करून घेणे उपयुक्तच आहे. पण त्या शाळेचे छप्पर धक्का सोसेल काय, हा प्रश्न पालकसभेत विचारणे त्याहून उपयुक्त आहे.

१९९२ च्या धक्क्यांनंतर किल्लारीला मिळालेली मुदत एका वर्षाचीही नव्हती. दळवटला आणि नाशिकला किती मिळणार आहे हे कोणालाच ठाऊक नाही. ती कदाचित शंभर वर्षांचीही असेल. तेवढ्या काळात बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक घराच्या भिंतीत पट्टा असेल, तर भूकंप न होताही काही वाया गेले असे होणार नाही.