वाजवणाऱ्याचे कान

लग्नसराईत वालूरला काय नि सेलूला काय, डीजेच्या नावाने बोटं मोडणारे पुष्कळ भेटतात. बरोबरच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ अशी मर्यादा आहे. पण ही काळजी शेजाऱ्यापाजाऱ्यांची. स्पीकरच्या भिंतीला खेटून तासन् तास उभ्या असलेल्या ऑपरेटर पोराचं काय? ताशेवाल्याचं काय?

अमेरिकेतल्या नायॉश संस्थेचा हिशेब साधा आहे. ८५ डेसिबलला आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं! (तेवढ्यात नवरदेव घोड्यावरही बसत नाही.) आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वाजवून घरी आल्यावर कानात शीळ घुमते, तो इशारा समजावा.

कापसाच्या बोळ्यांनी फारसं काही होत नाही. फोमचे प्लग घ्यावेत. बोटांत वळून बारीक करायचे, कान वर-मागे ओढून आत सारायचे, फुगेपर्यंत दाबून धरायचे. "मग ठेका कसा कळणार?" अहो, आवाज कमी होतो, बंद नाही होत! आणि मला विचाराल तर प्लगचे पैसे नि पाळीपाळीने विश्रांती, दोन्ही सुपारी देतानाच यजमानांनी ठरवून टाकावं. फेट्यांवर एवढा खर्च करतोच की आपण.