विश्लेषण : घरात कुत्रा असेल तर मालक किरायाने घर नाकारू शकतो का?

अमरावतीत साईनगर किंवा कठोरा नाक्याकडे, अकोल्यात जठारपेठेत किंवा गोरक्षण रोडवर किरायाने घर पाहायला गेलात की ठरलेले प्रश्न येतात : नोकरी कुठे, माणसे किती, खाणेपिणे काय. सोबत कुत्रा आहे हे कळले की बोलणी बहुधा तिथेच थांबतात. मग मोबाइलवरचे एक परिपत्रक पुढे केले जाते, 'पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही'. परिपत्रक खरे आहे, पण घरमालकाला ते लागू होत नाही.

परिपत्रक कोणासाठी?

केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेली ही मार्गदर्शक तत्त्वे गृहनिर्माण संस्था आणि रहिवासी संघांसाठी आहेत. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी आणता येत नाही, असे त्यांत म्हटले आहे. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये याचा उपयोग होतो, कारण तिथे भांडण बरेचदा सोसायटीशी असते.

वऱ्हाडात अजूनही अनेक ठिकाणी खाली मालक राहतो आणि वर किरायदार. फाटक एक, जिना एक, गच्ची एक. इथे सोसायटीच नाही. राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात पाळीव प्राण्यांविषयी वेगळी तरतूद नाही आणि घर कोणाला द्यायचे याची मालकावर सक्तीही नाही. त्यामुळे नकार कायदेशीर ठरतो.

प्रत्येक नकारामागे आकस असतो, असेही नाही. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया वाळत असतात. पारा ४४-४५ अंशांवर गेला की स्लॅबखालच्या खोलीत दिवसभर कोंडलेला कुत्रा भुंकणारच. अकोल्यात काटेपूर्णाचे पाणी रोज येत नाही, तिथे जिना धुवायचा कोणी आणि कोणत्या पाण्याने, हा प्रश्न मालकाच्या दृष्टीने खराच आहे.

करारात काय लिहिले आहे?

खरी मेख इथे आहे. विदर्भात पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. ३१ मार्च २००० पासून संपूर्ण राज्याला एकच कायदा आला. त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत किरायदाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नोटरी केलेला स्टॅम्पपेपर म्हणजे नोंदणी नव्हे. म्हणजे 'कुत्रा चालणार नाही असे तोंडी ठरले होते' हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर येते.

पण किरायदाराने यावर फार विसंबू नये. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपली की नूतनीकरण नाकारायला मालकाला कारण द्यावे लागत नाही. मुदतीनंतर घर सोडले नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई देण्याची वेळ येऊ शकते. कुत्रा लपवून घर घेणे म्हणूनच महागात पडते. त्यापेक्षा करारात कुत्र्याचा उल्लेख, रेबीज लसीचा दाखला आणि नुकसान झाल्यास डिपॉझिटमधून किती कापायचे, हे आधीच लिहून घेतलेले बरे.

घर मिळत नाही म्हणून कुत्र्याला रस्त्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. साठ वर्षांपूर्वीची ही रक्कम आज कोणाला रोखेल, हे सांगायला नको. उलट, कुत्र्याबाबत निष्काळजीपणा करून लोकांना धोका निर्माण केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

बाहेर काय आहे?

फ्रान्समध्ये पाळीव प्राण्यांना मनाई करणारी अट १९७० पासून रद्दबातल ठरते, धोकादायक ठरवलेल्या काही कुत्र्यांचा अपवाद सोडून. इंग्लंडने २०२५ च्या कायद्याने भाडेकरूला प्राणी पाळण्याची परवानगी मागण्याचा हक्क दिला, आणि योग्य कारणाशिवाय मालकाला नाही म्हणता येणार नाही असे ठरवले. मात्र एकच घर विभागून त्यातल्या एका भागात मालक स्वतः राहत असेल, तर तिथली भाडेदारी सहसा या तरतुदीबाहेर राहते. खाली मालक, वर किरायदार ही वऱ्हाडी मांडणी नेमकी त्यातच मोडते.